रोज अकराला सर्व्हर अडकतो? रिस्टार्ट मारण्याआधीची दोन मिनिटं

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे की दुसरा, ते लगेच कळेल. ॲप जावा भाषेत, स्प्रिंग बूट या चौकटीत लिहिलेलं, खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस. सकाळी सगळं सुरळीत. मग ठरावीक वेळेला, आमच्याकडे साडेदहा ते बाराच्या दरम्यान, पानं हळू उघडायला लागतात आणि थोड्या वेळाने नुसतं चक्र फिरत राहतं. सर्व्हरवर जाऊन पाहावं तर सीपीयू पाच-सात टक्के, मेमरी भरपूर शिल्लक, डेटाबेसही निवांत. लॉगमध्ये मधूनच एक ओळ दिसते: ‘कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल, रिक्वेस्ट टाइम्ड आउट आफ्टर ३०००० एमएस’, म्हणजे तीस सेकंद वाट पाहूनही डेटाबेसची जोडणी मिळाली नाही. कुणीतरी रिस्टार्ट मारतं, दोन मिनिटांत सगळं चालू होतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आम्ही जळगावात बसून काम करणारी पाच जणांची टीम आहोत. जिनिंगवाल्यांच्या कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. धरणगाव, चोपडा, शिरपूर, शहादा अशा भागांत केंद्रं आहेत. गाडी काट्यावर चढते, भरलेलं वजन लागतं, कापूस खाली झाला की रिकामं वजन लागतं, मग पावती निघते आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर वजन, भाव, रक्कम असा मेसेज जातो. दिवाळीनंतर काट्यावर ट्रॅक्टरची रांग लागते. अशा वेळी केंद्रावरून फोन येतो, ‘भाऊ, पावती नुसती फिरतेय, बाहेर पंधरा गाड्या उभ्या आहेत’. समोर रात्रीपासून जागा असलेला माणूस थांबलेला असताना थ्रेड डंप (प्रोसेसमधला प्रत्येक थ्रेड, म्हणजे कामाचा धागा, त्या क्षणी कुठे आहे त्याची नोंद) वगैरे कुणाला सुचत नाही. रिस्टार्टच सुचतो. आमचे सलग नऊ दिवस असे गेले.

नऊ दिवसांत नऊ वेळा पुरावा आमच्या हातात होता आणि नऊही वेळा तो आम्हीच पुसून टाकला. अडकलेल्या जावा प्रोसेसमध्ये कोण कुणासाठी थांबलंय हे सगळं त्या क्षणी लिहिलेलं असतं. प्रोसेस मारली की ते गेलं. लॉगमध्ये उरतं ते फक्त ‘कनेक्शन मिळालं नाही’ एवढं रडगाणं. कनेक्शन कुणी धरून ठेवलं होतं, हे लॉग सांगत नाही. म्हणून दहाव्या दिवशी आम्ही एकच नियम केला: रिस्टार्ट मारायचा, जरूर मारायचा, पण आधी दोन मिनिटं माहिती गोळा करायची. केंद्रावरचा माणूस दोन मिनिटं थांबतो. रोज पाऊण तास थांबण्यापेक्षा त्याला ते परवडतं.

गोळा काय करायचं? सगळ्यात महत्त्वाचे तीन थ्रेड डंप, दहा-दहा सेकंदांच्या अंतराने. जेपीएस चालवून प्रोसेसचा आकडा घ्या, मग जेस्टॅक किंवा जेसीएमडीची ‘थ्रेड डॉट प्रिंट’ ही आज्ञा द्या आणि उत्तर फाइलमध्ये ओता. तीन का, तर एक डंप म्हणजे एक फोटो. रस्त्याच्या फोटोत गाडी दिसली तर ती चालू आहे की बंद पडलीय, कळत नाही. तिन्ही फोटोंत तीच गाडी त्याच जागी असेल तर ती अडकलीय. सोबत एकदा टॉप या आज्ञेचं थ्रेडनिहाय चित्र (कोणता थ्रेड किती सीपीयू खातो) आणि जेस्टॅटचा जीसीचा, म्हणजे जावाच्या मेमरी सफाईचा तक्ता घ्या, दर सेकंदाला एक ओळ अशा दहा ओळी. हे सगळं एका शेल स्क्रिप्टमध्ये बांधून सर्व्हरवर ठेवा. अडचणीच्या वेळी आज्ञा आठवत बसायला लागू नये. आमच्या टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीला ते स्क्रिप्ट चालवता येतं का, हे आम्ही शांत वेळेला एकदा पाहून घेतलं.

ते पाहिलं म्हणून दोन अडथळे आधीच कळले. पहिला: सर्व्हरवर नुसतं जेआरई (जावा ॲप चालवण्यापुरतं पॅकेज) होतं. जेस्टॅक, जेसीएमडी ही हत्यारं जेडीके या डेव्हलपरांच्या पॅकेजसोबत येतात, त्यामुळे ती तिथे नव्हतीच. अशा वेळी प्रोसेसला ‘किल -३’ पाठवा. नाव भीतीदायक असलं तरी जेव्हीएम, म्हणजे ॲप चालवणारं जावाचं इंजिन, त्याने मरत नाही. ते स्वतःचा थ्रेड डंप नेहमीच्या आउटपुटमध्ये छापतं आणि पुढे चालू राहतं. डॉकरमध्ये असाल तर बाहेरूनच कंटेनरला क्विट सिग्नल द्या, डंप कंटेनरच्या लॉगमध्ये येतो. दुसरा अडथळा: जेस्टॅक चालवणारा युजर आणि प्रोसेस चालवणारा युजर वेगळे होते. मग जोडणीच होत नाही आणि विचित्र एरर येते. ज्या युजरने ॲप सुरू केलंय त्याच्याच नावाने आज्ञा चालवायची.

दहाव्या दिवशी अकरा वाजून आठ मिनिटांनी फोन आला. स्क्रिप्ट चालवलं, तीन फाइल्स उतरवल्या, रिस्टार्ट मारला आणि मग सगळे एकाच स्क्रीनपुढे बसलो.

थ्रेड डंप पहिल्यांदा पाहणारा माणूस घाबरतो. हजारो ओळी असतात. त्या वाचायच्या नसतात, मोजायच्या असतात. टॉमकॅटमध्ये, म्हणजे ॲपच्या आतल्या वेब सर्व्हरमध्ये, एकाच वेळी काम करणारे थ्रेड वेगळं काही न सांगता जास्तीत जास्त २०० असतात. आमच्या डंपमध्ये ते २००ही कामाला लागलेले होते. त्यातले १९० एकाच ठिकाणी होते. अवस्था ‘टाइम्ड वेटिंग’, आणि स्टॅकमध्ये (थ्रेड कुठल्या फंक्शनमधून कुठे पोहोचला त्या ओळींत) वरून काही ओळी खाली हिकारी पूलचं ‘गेट कनेक्शन’. हिकारी म्हणजे डेटाबेसची कनेक्शन साठवून पाळीपाळीने देणारा पूल. म्हणजे १९० जण डेटाबेसच्या कनेक्शनसाठी रांगेत. हिकारीच्या पुलात न सांगता जास्तीत जास्त १० कनेक्शन असतात. मग उरलेले १० थ्रेड काय करत होते?

ते दहा थ्रेड ‘रनेबल’ अवस्थेत होते, आणि इथे बरेच जण फसतात. रनेबल म्हणजे काम चाललंय असं वाटतं. पण जावाचा थ्रेड सॉकेटवर, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीवर, उत्तराची वाट पाहत बसला तरी जेव्हीएम त्याला रनेबलच म्हणतं, कारण तो थांबलाय ऑपरेटिंग सिस्टिमच्या आत आणि तिथलं जेव्हीएमला दिसत नाही. म्हणून अवस्थेच्या शब्दावर जाऊ नका, स्टॅकच्या सगळ्यात वरच्या काही ओळी बघा. तिथे ‘सॉकेट रीड’ किंवा जावा १३ पासून पुढे ‘निओ सॉकेट इम्प्ल’ असं दिसलं तर तो थ्रेड पलीकडच्या उत्तराची वाट पाहतोय. आमचे दहाच्या दहा तिथेच, आणि तिन्ही फाइल्समध्ये तेच दहा. त्याच स्टॅकमध्ये खाली सरकत गेलो तशी आमच्या स्वतःच्या क्लासची नावं यायला लागली: पावती सेवा, पावती जतन करा, त्याच्या वर मेसेज पाठवा.

आमच्यातला एक जण तेवढ्यावरच म्हणाला, ‘अरे, हे तर ट्रान्झॅक्शनच्या आत आहे’. तिथेच उलगडा झाला. ट्रान्झॅक्शन म्हणजे डेटाबेसमधला एकसंध व्यवहार, शेवटी कमिट केल्यावरच तो पक्का होतो.

काय होत होतं ते काट्याच्या भाषेत सांगतो, कारण आम्ही केंद्रावरच्या लोकांनाही असंच समजावलं. काटा एक आहे. गाडी चढते, वजन लागतं, उतरते, सगळं मिळून दोन मिनिटं. एखादा ड्रायव्हर गाडी काट्यावरच ठेवून मोबाइलचं रिचार्ज करायला गेला तर मागच्या सगळ्या गाड्या थांबतात. काट्यात बिघाड नाही, मागच्या गाड्यांतही नाही. आमचा कोड तेच करत होता. ट्रान्झॅक्शन सुरू केलं की कनेक्शन हातात यायचं, पावती लिहिली जायची आणि ते कनेक्शन हातात धरूनच मेसेज पाठवणाऱ्या बाहेरच्या सेवेला विचारायला जायचं. उत्तर आल्यावर कमिट. कोड लिहिला तेव्हा ती सेवा पाव सेकंदात उत्तर द्यायची, म्हणून कुणाला बोचलं नाही.

हिशोब मांडून पाहा. पुलात १० कनेक्शन. पावती लिहायला ४० मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला २५० पावत्या निघू शकतात. त्यात मेसेजचे ३०० मिलिसेकंद मिळवले की आकडा एकदम २९ वर येतो, तरी आमच्या कामाला पुरेसा. पण गर्दीच्या वेळी ती सेवा आठ सेकंद घ्यायला लागली तर सेकंदाला सव्वा. आणि त्याच दहा कनेक्शनवर पावतीशिवाय शेतकरी शोधणं, दिवसाची यादी, मालकांचे अहवाल, सगळंच चाललेलं असतं. रांगेच्या या नात्याला लिटलचा नियम म्हणतात, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. आत असलेली संख्या बरोबर येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा वेळ. पुलाचा आकार ठरवताना ‘किती युजर’ यापेक्षा ‘एक कनेक्शन किती वेळ हातात राहतं’ हा प्रश्न आधी विचारायचा, तो यासाठीच.

याहून वाईट गोष्ट दुसऱ्या दिवशीच्या डंपमध्ये सापडली. एक थ्रेड चाळीस मिनिटं त्याच सॉकेटवर होता. पलीकडचा जोडणी न तोडताच गायब झाला होता आणि आमच्या बाजूला टाइमआउट, म्हणजे थांबण्याची मर्यादा, लावलेलाच नव्हता. जावाच्या जुन्या एचटीटीपी यूआरएल कनेक्शनमध्ये कनेक्ट आणि रीड या दोन्ही टाइमआउटची सुरुवातीची किंमत शून्य असते, आणि तिथे शून्याचा अर्थ ‘अनंत काळ थांब’. स्प्रिंगचं रेस्ट टेम्प्लेट (बाहेरच्या सेवेला विचारायचं साधन) साधेपणाने बनवलं की खाली तेच येतं. जावा ११ मधला नवा एचटीटीपी क्लायंटही स्वतःहून टाइमआउट लावत नाही. म्हणजे असा एकेक थ्रेड एकेक कनेक्शन घेऊन कायमचा बसतो. दहा बसले की खेळ संपला, मग गर्दी असो वा नसो.

कारण कळण्याआधी आम्ही जे चुकीचे उपाय केले तेही सांगतो, कारण तुम्हालाही तेच सुचतील. पहिला: पूल १० वरून ३० केला. सुरुवातीला बरं वाटलं, मग अडकणं अकराऐवजी साडेअकराला सुरू झालं. पुढे कुणीतरी ॲपच्या चार प्रती चालवल्या. चार गुणिले तीस म्हणजे १२०, आणि पोस्टग्रेस न सांगता जास्तीत जास्त १०० जोडण्या घेतं. मग ॲपऐवजी डेटाबेसच नाही म्हणायला लागला, आणि त्याच डेटाबेसवरचं हिशोबाचं दुसरं सॉफ्टवेअरही त्यात अडकलं. म्हणून पूल पुन्हा १० वर आणला. दुसरा उपाय: हीप, म्हणजे ॲपला दिलेली मेमरी, वाढवली. मेमरीचा इथे काही संबंधच नव्हता. जीसीचा तक्ता पाहिला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

खरा उपाय तीन टप्प्यांत झाला. तो चाळीस मिनिटं बसलेला थ्रेड दिसला त्याच संध्याकाळी टाइमआउट लावले: जोडणीला दोन सेकंद, उत्तराला तीन. एवढ्यानेच दुसऱ्या दिवशी अडकणं थांबलं, हळूपणा उरला. वीस मिनिटांचं काम. तुमच्या कोडमध्ये बाहेर जाणारी प्रत्येक जोडणी शोधून हे आजच तपासा, पेमेंट, मेल, फाइल साठवण, सगळं. पोस्टग्रेसच्या जेडीबीसी ड्रायव्हरलाही (जावाला डेटाबेसशी जोडणाऱ्या भागालाही) सॉकेट टाइमआउट वेगळा द्यावा लागतो, तिथेही न दिल्यास शून्यच असतो. फक्त तो तुमच्या सगळ्यात लांब अहवालाच्या क्वेरीपेक्षा मोठा ठेवा.

दुसरा टप्पा: मेसेजचं काम ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढलं. आणि इथे एक दिवस वाया गेला. बाहेर काढूनही कनेक्शन हातातच राहत होतं! कारण निघालं ‘ओपन इन व्ह्यू’. स्प्रिंग बूटमध्ये जेपीए (डेटाबेसच्या ओळी जावाच्या वस्तू म्हणून हाताळण्याची पद्धत) वापरलं की हे आपोआप चालू असतं. वेब रिक्वेस्ट संपेपर्यंत ती पद्धत राबवणाऱ्या हायबरनेटचं सेशन उघडं राहतं, आणि पहिल्या क्वेरीला घेतलेलं कनेक्शन त्यासोबत शेवटपर्यंत अडकून राहतं. ॲप सुरू होताना त्याबद्दलची सूचना लॉगमध्ये येते. आमच्या लॉगमध्ये ती रोज येत होती, सुरुवातीच्या ओळी कुणी वाचत नव्हतं. ते बंद केलं. बंद केल्यावर लेझी लोडिंगच्या (लागेल तेव्हाच उशिरा डेटा आणण्याच्या) एरर आल्या, सात-आठ ठिकाणी क्वेरी दुरुस्त कराव्या लागल्या. तो त्रास झाला तरी घ्या. तो उद्याचा त्रास आहे जो आज दिसतोय.

हे नक्की करायला हिकारीचा ‘लीक डिटेक्शन थ्रेशहोल्ड’ फार कामाला आला. तो न सांगता बंद असतो. आम्ही ५००० मिलिसेकंद ठेवला. एखादं कनेक्शन पाच सेकंदांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की हिकारी लॉगमध्ये ते कुणी घेतलं त्याचा पूर्ण स्टॅक छापतं. नावात लीक असलं तरी खरी गळतीच असेल असं नाही, उशीर झाला तरी ते ओरडतं, आणि आपल्याला तेच हवं असतं. खरी गळती असेल तर ती बहुधा जुन्या जेडीबीसीच्या कोडमध्ये सापडते, जिथे एक्सेप्शन आल्यावर क्लोजपर्यंत पोहोचतच नाही. जावा ७ म्हणजे २०११ पासून ‘ट्राय विथ रिसोर्सेस’ आहे. तशी एकही जागा जुन्या पद्धतीने ठेवू नका.

तुमच्या डंपमध्ये चित्र वेगळं असेल तर थोडक्यात: डंपच्या शेवटी ‘फाउंड वन जावा लेव्हल डेडलॉक’ दिसलं तर दोन थ्रेड एकमेकांचं कुलूप धरून बसलेत, त्यांची नावं तिथेच असतात. पुष्कळ थ्रेड ‘ब्लॉक्ड’ असतील तर त्यांच्यासमोरच्या कुलपाचा क्रमांक शोधा आणि ते ज्याने ‘लॉक्ड’ केलंय त्या थ्रेडकडे जा. सीपीयू शंभर टक्के असेल तर टॉपमधला थ्रेड क्रमांक सोळा पाया असलेल्या अंकपद्धतीत, म्हणजे हेक्समध्ये बदलून डंपमधल्या एनआयडीशी (तिथल्या थ्रेड क्रमांकाशी) जुळवा. नव्या जावात तो दशमानातही असू शकतो, तेव्हा दोन्ही शोधून पाहा. सापडलेला थ्रेड जीसीचा निघाला तर प्रश्न मेमरीचा. त्यासाठी हीप डंप (मेमरीची पूर्ण प्रत) आणि तो वाचणारं एक्लिप्स मॅट. पण हीप डंप काढताना ॲप थांबतं, आणि त्या फाइलमध्ये लोकांचे मोबाइल, खाते क्रमांक, पासवर्ड सगळं उघडं असतं. ती फाइल टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, हे मनापासून सांगतो. कधीमधी येणाऱ्या, हाती न लागणाऱ्या अडचणींसाठी फ्लाइट रेकॉर्डर (ॲपमधल्या घडामोडी नोंदवत राहणारं जावाचं साधन) सतत चालू ठेवा. जावा ११ पासून तो सर्वांना खुला आहे आणि जावा ८ मध्येही ८यू२६२ पासून आला. भार अगदी थोडा पडतो, आणि अडकण्याच्या आधीचा अर्धा तासही पाहता येतो, जे थ्रेड डंपमध्ये कधीच मिळत नाही.

दुरुस्ती टिकावी म्हणून एक चाचणी लिहिली. वायरमॉकने खोटी मेसेज सेवा उभी करून तिला दहा सेकंद उशीर लावला, टेस्टकंटेनर्सने खरं पोस्टग्रेस चालवलं, पूल मुद्दाम दोनचा ठेवला आणि एकाच वेळी वीस पावत्या पाठवल्या. वीसही दोन सेकंदांत जतन झाल्या पाहिजेत. जुन्या कोडवर ही चाचणी तडक पडते. दोनचा पूल हीच त्यातली किल्ली, मोठ्या पुलाने चूक झाकली जाते. शिवाय मायक्रोमीटर या मोजमापाच्या साधनातून पुलात किती जण वाट पाहतायत तो आकडा काढून त्याच्यावर इशारा लावला. तो मिनिटभर शून्याच्या वर राहिला की फोन वाजतो. आता केंद्राचा फोन यायच्या आत आम्हाला कळतं.

तिसरा टप्पा सगळ्यात जास्त विचाराचा. मेसेज ट्रान्झॅक्शनबाहेर काढला तर पावती कमिट झाल्यावर आणि मेसेज जायच्या आधी ॲप बंद पडलं तर? शेतकऱ्याला मेसेजच जात नाही. म्हणून पावतीसोबत त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ‘पाठवायचे मेसेज’ या टेबलात एक ओळ लिहायला लागलो. दुसरं छोटं काम दर पाच सेकंदांनी ते टेबल पाहून मेसेज पाठवतं. चार दिवसांनी चोपड्याकडून विचारणा आली: एका शेतकऱ्याला एकाच वजनाचे दोन मेसेज गेले, तो म्हणतोय माझ्या दोन नोंदी आहेत तर पैसे एकाचेच का? ॲपच्या दोन प्रतींनी तीच ओळ उचलली होती. त्या माणसाला पावती क्रमांक दाखवून समजावलं, आणि मेसेजमध्ये पावती क्रमांक घातला.

ओळ दोघांनी उचलू नये यासाठी पोस्टग्रेसमध्ये ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ आहे, ९.५ पासून. एकाने धरलेल्या ओळी दुसरा सोडून पुढे जातो. आमच्या पोराने ते छान लिहिलं: ट्रान्झॅक्शन उघड, ओळ धर, मेसेज पाठव, ‘गेला’ अशी खूण कर, कमिट. आम्ही दोघं रिव्ह्यूला, म्हणजे कोड तपासायला बसलो आणि तिसऱ्या ओळीवर दोघांचीही बोटं एकदम गेली. कनेक्शन हातात धरून पुन्हा बाहेर विचारायला चाललो होतो. मग ते तोडून तीन भाग केले: छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये ओळ धरून ‘घेतला’ ही खूण आणि वेळ लिहून कमिट, मग हात रिकामे ठेवून मेसेज पाठवणं, मग पुन्हा छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये ‘गेला’. ‘घेतला’ होऊन दहा मिनिटं उलटलेली ओळ पुन्हा पाठवायला मोकळी होते. अशा क्वचितच्या वेळी मेसेज दोनदा जाऊ शकतो, ते आम्ही स्वीकारलंय. अजिबात न जाण्यापेक्षा ते बरं, आणि आता दोन्ही मेसेजवर पावती क्रमांक एकच असतो.